कीबोर्डची किंमत सांगता, मग नाइट का सांगत नाही?

चार वादक ग्रीन रूममध्ये टेकले की बोलणं कशावर येणार हे सांगायला ज्योतिषी नको. नवा कॉर्ग कीबोर्ड केवढ्याला घेतलास, त्यात इंडियन टोन कोणी भरून दिले, ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य एसपीडी-३० ठेवावं की विकून २० प्रो घ्यावं, ढोलकीला कुठला माइक बरा, कानात घालायचे इन-इअर घेतलेस की अजून मंचावरच्या मॉनिटर स्पीकरवरच भागवतोस. किंमत, डिस्काउंट, हप्ता, जुनं वाद्य विकून आलेली रक्कम, सगळं रुपयापर्यंत सांगितलं जातं. आता त्याच चौघांना विचारा, कालच्या कार्यक्रमाची नाइट, म्हणजे वाजवण्याचे पैसे, किती होती? एक जण चहा ढवळायला लागतो, दुसऱ्याला फोन आठवतो, तिसरा म्हणतो, "नेहमीचीच." नेहमीची म्हणजे किती हे चौथ्याला विचारवत नाही, कारण मग त्यालाही त्याची सांगावी लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की साथीच्या वादकांना पैसे कमी मिळतात याचं पहिलं कारण ही गप्प बसण्याची सवय आहे. आयोजकांची कंजुषी, फुकट वाजवणारे हौशी, कराओके ट्रॅक ही कारणं आहेतच. पण ती सगळी या गप्प बसण्यावरच पोसली गेली आहेत. पाकीट बंद असतं आणि ते घरी जाऊन उघडायचं असतं. शेजारी बसून तोच कार्यक्रम वाजवणाऱ्याच्या पाकिटात काय होतं ते आयुष्यात कळत नाही. ज्याने ती पाकिटं भरली त्याला मात्र सगळ्यांचे आकडे पाठ असतात. अशा व्यवहारात भाव कोण ठरवणार हे उघड आहे.

कार्यक्रमाचं कोटेशन एकदा जवळून बघा. हल्ली गणेशोत्सवातली मंडळं, बँकांच्या कर्मचारी संघटना, दिवाळी पहाट करणारे नगरसेवक, सगळेच कोटेशन मागतात. त्यात साउंड सिस्टिम असते, किती टॉप स्पीकर, किती बेस, किती कॉर्डलेस माइक, सगळं मोजून. एलईडी वॉल असते, बारा बाय आठ. प्रकाशयोजना, जनरेटर, निवेदकाचं मानधन, गायकांची नावं आणि आकडे. मग शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं, 'वादक ५, एकत्रित'. खाली चहा-नाश्ता. मंडळाने घासाघीस केली की वॉलवाला म्हणतो, स्क्वेअर फुटाचा दर ठरलेला आहे, परवडत नसेल तर छोटी लावा. साउंडवाला म्हणतो, दोन टॉप कमी करतो. वादकांच्या ओळीत मात्र काहीच कमी करावं लागत नाही, नुसता आकडा कमी होतो. पाच वादक पाचच राहतात आणि तेवढीच गाणी वाजवतात. वॉलचा दर फुटावर ठरतो, आपला ठरतो तो उरलेल्या पैशांवर.

आता हिशेब करू. आकडे धरून चाललेले आहेत, ज्याने त्याने आपापले घालून बघावेत. समजा कीबोर्ड १ लाख २० हजारांचा आहे. रोज उचल-ठेव होणारं वाद्य पाच वर्षं नीट चाललं तर नशीब. वर्षाला साठ कार्यक्रम धरले तर पाच वर्षांत तीनशे. म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला वाद्याची झीजच ४०० रुपये. डोंबिवलीहून दादरला किंवा चिंचवडहून कोथरूडला फ्लाइट केसची जड पेटी घेऊन लोकलने, बसने जाता येत नाही. गाडी करावी लागते, जाऊन-येऊन ८०० धरा. दोन रिहर्सलना त्याहून हलकं सामान नेलं तरी ६०० जातात. समजा नाइट ३ हजारांची. उरले १२००. आता वेळ मोजा. दोन रिहर्सल चार-चार तासांच्या, प्रवासाचे मिळून चार तास, साउंड चेकला तीन वाजता पोहोचून रात्री अकराला वायरी गुंडाळेपर्यंत आठ तास. घरी बसून बावीस गाण्यांचे म्युझिक पीस काढणं, गायिकेने ऐनवेळी स्केल बदलली म्हणून पुन्हा बसवणं, याचे किमान चार. झाले चोवीस तास. १२०० भागिले २४, म्हणजे तासाला ५० रुपये. ही ३ हजारांची नाइट ऐकून बाहेरचा माणूस म्हणतो, "दोन तासांचे तीन हजार? मजा आहे बुवा तुमची!" त्याला दोष देता येत नाही, कारण हा भागाकार आपण त्याच्यासमोर कधी मांडलेलाच नाही.

तबलजींचं ओझं वेगळंच. कार्यक्रमात गायक काळी एकला गाणार, गायिका काळी चारला, मधलं एक द्वंद्वगीत भलत्याच पट्टीत. म्हणजे तीन तबले, एक डग्गा, हातोडी, पावडर आणि पावसाळ्यात उतरणाऱ्या पुडीची, म्हणजे तबल्याच्या कातड्याची, धास्ती. ऐन भाद्रपदात मांडवात तासाभरात सूर पडतो आणि माणूस दोन गाण्यांच्या मध्ये गठ्ठे ठोकत बसतो. पुडी बदलण्याचा खर्च त्याचा. तीन तबले नेण्याचे पैसे वेगळे मिळालेत असा तबलजी मला अजून भेटायचा आहे.

इथे वाद्यांच्या गप्पांचा दुसरा पदर येतो, आणि तो मला जास्त टोचतो. पूर्वीच्या वाद्यवृंदात बासरीवाला, सतारवाला, दोन व्हायोलिन, अकॉर्डियन असे निरनिराळे लोक असत. आज एका कीबोर्डवाल्याच्या दहा बोटांखाली हे सगळे बसतात. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्याला बासरी, पायाखाली पेडल आणि कडव्याच्या मध्ये सतारीचा तुकडा. ऑक्टापॅडवाला तुंबा, खंजिरी, घुंगरू, कोंगो आणि शिवाय मध्येच ढोलकही वाजवतो. चार माणसांचं काम एक जण करतो. चार माणसांचे पैसे वाचले, ते कुठे गेले? कीबोर्डवाल्याकडे आले असते तर नवा कॉर्ग घ्यायला त्याला भाच्याच्या क्रेडिट कार्डावर हप्ते बांधावे लागले नसते. यंत्र त्याने विकत घेतलं, शिकला तो, रात्र-रात्र टोन जुळवले त्याने आणि बचत झाली कार्यक्रम करणाऱ्याची. आपण एकमेकांना नवं मॉडेल दाखवून खूश होतो तेव्हा आयोजकाचाच खर्च आपल्या खिशातून करत असतो.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वादकांच्या संघटनांनी या दोन्ही गोष्टींना केव्हाच नाव आणि दर दिला. एका वादकाने दुसरंही वाद्य वाजवलं तर त्याचे वेगळे पैसे आणि हार्प, डबल बेस यांसारखं अवजड वाद्य आणलं तर वाहतुकीचे वेगळे पैसे. इंग्लंडची म्युझिशियन्स युनियन १८९३ची, अमेरिकेची फेडरेशन १८९६ची. अमेरिकेच्या वादकांनी तर १९४२मध्ये रेकॉर्डिंगच बंद पाडलं होतं, कारण रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये तबकड्या वाजल्या की प्रत्यक्ष वाजवणाऱ्याचं पोट मारलं जात होतं. त्या देशांत वादक सुखात आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण दराचा कागद तिथे निदान छापलेला असतो आणि कमी पैशांत वाजवणाऱ्यालाही आपण किती कमी घेतले हे ठाऊक असतं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे जमायचं नाही असं म्हणणाऱ्यांना मुंबईचाच इतिहास सांगायला हवा. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला साठ-सत्तर वादकांचा ताफा बसायचा त्या काळात सिने म्युझिशियन्स असोसिएशन होती, वादकांच्या श्रेणी होत्या, श्रेणीप्रमाणे शिफ्टचा दर होता, वेळ उलटली की जादा पैसे होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून मुंबईला आलेले कितीतरी व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे या व्यवस्थेत नांदले. सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी त्या संगीताचा सांगाडाच उभा केला. नाव पडद्यावर यावं हे त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नशिबी नव्हतं, ती लबाडी होतीच. पण आजच्या शिफ्टचे किती, हे शेजारच्या व्हायोलिनवाल्याला विचारायची गरज नव्हती, कारण ते सगळ्यांनाच माहीत होतं. नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझर सर्रास झाले, एकेक ट्रॅक वेगळा रेकॉर्ड व्हायला लागला, स्टुडिओत सत्तर माणसं एकत्र बसणंच संपलं आणि त्याबरोबर ती उघड दराची शिस्तही गेली. आकाशवाणीत आजही बी, बी हाय, ए, टॉप अशी श्रेणी आणि श्रेणीनुसार मानधन आहे. रक्कम फार मोठी नाही, पण ती गुप्त नाही आणि त्यामुळे बी हायवाल्याचा अपमान झाल्याचं कधी ऐकलं नाही.

मग मंचावरच आपल्याला दराची एवढी लाज का? याचं एक उत्तर 'कला'. पैशाचं बोललं की कला बाटते असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. गंमत म्हणजे हे वाक्य मुख्य गायकाच्या तोंडी मला फारसं ऐकू आलेलं नाही. त्याचा सेक्रेटरी आकडा आधी सांगतो, निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि मग तारीख लिहितो. शास्त्रीय मैफलीतही तेच. उस्ताद अल्लारखाँ आणि झाकिर हुसेन यांनी तबल्याला मंचावर जी उंची मिळवून दिली तिचं आपण कौतुक करतो. पण जिल्ह्याच्या गावी मैफल करून परत येताना तबलजी आणि संवादिनीवाल्याच्या हातात काय पडेल, हे बहुतेक वेळा अजून बुवांच्या लहरीवरच असतं. ठोक रक्कम बुवांकडे जाते आणि तिथून पुढे प्रसाद वाटल्यासारखी येते.

दुसरं उत्तर भीती. मी आकडा सांगितला आणि तो जास्त निघाला तर लोक म्हणतील याला माज आलाय, कमी निघाला तर म्हणतील याची किंमतच तेवढी. शिवाय मी पाच सांगितले आणि शेजारचा साडेतीनला तयार झाला तर? हा प्रश्न खरा आहे. पण तो आजही साडेतीनलाच तयार होतो, फक्त तुमचे पाच होते हे त्याला कधी कळत नाही. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला पोरगा दर पाडतो तो मुद्दाम नव्हे. त्याला दर माहीतच नसतो आणि त्याला तो सांगणारं कोणी नसतं.

हौशी वादकांबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपण पाठीमागे त्यांना शिव्या घालतो आणि तोंडावर 'वा सर' म्हणतो. बँकेत अधिकारी, संध्याकाळी कीबोर्ड. वाद्य आपल्यापेक्षा भारी, हातही बरा. "मला पैसे नकोत हो, आनंदासाठी वाजवतो." वाजवा की, वाजवण्याचा मक्ता कोणी घेतलेला नाही. पण तिकीट लावलेल्या कार्यक्रमात, जिथे वॉलवाला, हॉलवाला, केटरर सगळे पैसे घेतात, तिथे फुकट वाजवून तुम्ही दानधर्म करत नसता, दुसऱ्याची नाइट कापत असता. पैसे नकोच असतील तर पूर्ण नाइट घ्या, पावती करा आणि हवं त्या संस्थेला देणगी द्या. आनंद तेवढाच मिळतो आणि कोटेशनमधला आकडा शाबूत राहतो.

आणि आता तर उलटाच बाजार मांडला आहे. निवृत्तीनंतर गायला लागलेले हौशी गायक लाइव्ह वाद्यवृंदासोबत गायला मिळावं म्हणून पैसे भरतात. एका सोलोचे एवढे, द्वंद्वगीताचे एवढे, व्हिडिओ हवा असेल तर एवढे, असा दरपत्रकाचा रंगीत फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्यात काही गैर नाही, लोकांना हौस आहे आणि ते आपल्या पैशांनी ती भागवतात. पण बघा, गाण्याचा दर जाहीर, व्हिडिओचा दर जाहीर, समोशाचाही जाहीर. त्या फोटोत एकाच गोष्टीचा दर नसतो, ते गाणं वाजवणाऱ्यांचा.

व्हिडिओचं निघालंच आहे तर तेही. कार्यक्रम तीन कॅमेऱ्यांनी रेकॉर्ड होतो, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढतो आणि वर्षानुवर्षं तिथे वाजत राहतो. वादकाला यातलं काही विचारलं जात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलाकारांचे हक्क आले, २०१२च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के झाले, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत कलाकार म्हणजे फक्त गायक-नट नव्हे, वादकही त्यात स्पष्टपणे आहे. त्याच्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करून ते लोकांपर्यंत पोहोचवायला त्याची परवानगी लागते. लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरून साठच्या दशकात केवढा वाद ओढवून घेतला होता, तो हक्क कायद्यात यायला पुढे किती काळ गेला हे आपण पाहिलंच. वादकांच्या बाजूने तो कायदा आज पुस्तकात आहे, पण वापरायचा कोणी आणि कशाच्या जोरावर? करारच नाही, साधा लेखी निरोपही नाही. "अमुक तारखेला गडकरी रंगायतनला ये, ब्लॅक कुर्ता," एवढ्या फोनवर आपला सगळा धंदा चालतो.

लेखी काही नसल्याची खरी किंमत मार्च २०२० नंतर कळली. नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि परत उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, तेव्हाही अर्ध्याच खुर्च्यांवर. त्या काळात मदत मागायला गेलेल्या वादकाला विचारलं गेलं, तुम्ही वादक आहात याचा पुरावा काय, उत्पन्न किती? पाकिटातल्या रोख पैशांचा पुरावा कुठून आणणार? वाद्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकही तेच विचारते. ज्यांनी बँकेत पैसे घेतले होते, टीडीएस कापून का होईना, विवरणपत्र भरलं होतं, त्यांच्याकडे निदान दाखवायला कागद होता. बाकीच्यांनी वाद्यं विकली. त्या वर्षी ओएलएक्सवर ऑक्टापॅड बघताना जीव कसानुसा व्हायचा.

छोट्या मंडळांना परवडणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. गल्लीतल्या मंडळाकडे खरंच पैसे नसतील तर पाचाऐवजी तीन वादक घ्यावेत. पेटी, तबला आणि एक तालवाद्य यांवर उत्तम भावगीतं होतात, किंबहुना जास्त चांगली होतात असं माझं वैयक्तिक मत आहे. वॉल छोटी होऊ शकते तर वाद्यवृंदही छोटा होऊ शकतो. पाच माणसांना तिघांच्या पैशांत बसवायचं, हे मात्र परवडण्याचं गणित नव्हे.

सक्तीचा दर ठरवून, तो जो पाळणार नाही त्याला वाळीत टाकायचं, असंही मी म्हणत नाही. तसं करायला गेलं तर कायदाही आडवा येतो. चित्रपट कामगारांच्या संघटनांनी सभासद नसलेल्यांना काम मिळू न देण्याचे जे नियम केले होते, त्यांवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७मध्ये ताशेरे ओढलेच आहेत. मला हवा आहे तो फक्त उघडेपणा. एखाद्या शहरातल्या वादकांनी गेल्या वर्षभरात मिळालेल्या नाइटचे आकडे, हवं तर नावं न घालता, एका कागदावर मांडावेत. नाट्यगृहातला कार्यक्रम किती, मैदानातला किती, लग्नातला किती, बाहेरगावचा किती, रिहर्सलचे मिळाले की नाही, वाद्याचं भाडं मिळालं की नाही. असा कागद पुण्याचा, ठाण्याचा, नाशिकचा, मडगावचा तयार झाला की कोणाला धमकवावं लागणार नाही. नव्या पोराने तो नुसता वाचला तरी तो पुढच्या वेळी साडेतीनला हो म्हणताना थांबेल.

याची सुरुवात नव्या पोरांनी करावी असं सांगणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. आकडा बोलला तर पुढची तारीख जाईल ही भीती त्यांनाच सगळ्यांत जास्त असते. सुरुवात करायची ती संगीत संयोजकांनी. टीम तेच बांधतात, आयोजकाशी बोलतात तेच, पाकिटं भरतात बहुतेक वेळा तेच आणि त्यांच्यातले बरेच जण स्वतः पंचवीस वर्षं मागच्या रांगेत बसून वाजवत आलेले असतात. त्यांनी कोटेशनमधली 'वादक ५, एकत्रित' ही ओळ मोडून पाच ओळी कराव्यात. प्रत्येक ओळीत नाइट, रिहर्सल, वाद्याचं भाडं आणि वाहतूक असे चार रकाने. रेकॉर्डिंग होणार असेल तर पाचवा. आयोजक भुवया उंचावेल, पण वॉलवाल्याचं कोटेशन त्याने याच पद्धतीने मंजूर केलेलं असतं.

दिवाळी पहाटच्या तारखा गणपती बसण्याआधीच लागायला सुरुवात होते. फोन येईल, "तारीख मोकळी आहे का?" हो म्हणण्याआधी उलट एक मेसेज टाकायचा: नाइट किती, रिहर्सल किती आणि तिचे किती, कीबोर्ड माझा असेल तर त्याचं भाडं किती, गाडी कोण करणार, रेकॉर्डिंग आहे का, अर्धे पैसे आगाऊ कधी. मेसेज सभ्यच असावा, हवं तर शेवटी नमस्काराची खूणही टाकावी. उत्तर येईल ते जपून ठेवावं आणि पुढच्या ग्रीन रूममध्ये इन-इअरची किंमत सांगून झाली की शेजारच्याला तेही दाखवावं.